पुरुषांनी नेसलेले लुगडे



खालापूर तालुक्यातले साजगाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, ते तिथल्या कार्तिकातल्या जत्रेमुळे. देव विठोबा, पण सुक्या मासळीचा बाजार असा मोठा भरतो की लोकांनी देवाला नावच पाडले बोंबल्या विठोबा! घाटावरची माणसे खाली उतरतात, दर्शन घेतात आणि बोंबलांची बेगमी करून परततात.

काही वर्षांपूर्वी याच जत्रेत माझा एक जुना विद्यार्थी मला भेटला. मासळीचा भाव करीत उभा होता. बरोबर त्याचा लहान मुलगा. मी विचारले, "काय रे, नाटकात काम करतोस की नाही अजून?" तो ओशाळून म्हणाला, "नाही गुरुजी. ते तेव्हाच सुटलं."

का सुटले, ते मी जाणत होतो. शाळेच्या संमेलनात त्याने एकदा आईचे काम केले होते. घरचे लुगडे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन तो असा बोलला की पुढे बसलेल्या बायांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मात्र पोरांनी त्याला 'बायल्या' म्हणायला सुरुवात केली. आणि मी काय केले? हजेरी घेताना त्याच्या नावाऐवजी "आईसाहेब" म्हटले. वर्ग खो-खो हसला. मला वाटले, कौतुकच केले. पुढच्या वर्षी तो पडदा ओढायला बसला, रंगमंचावर काही आला नाही.

मंडळी, ज्या महाराष्ट्रात आपण राहतो, तिथे पुरुषाने लुगडे नेसणे ही काही नवलाची गोष्ट आहे का? नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. भामिनी, सिंधू अशा भूमिका त्यांनी वर्षानुवर्षे केल्या. मौज अशी की, लुगडे कसे नेसावे, केसांत फुले कशी माळावीत, हे घरंदाज बायका त्यांना पाहून शिकत. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. त्या लुगड्याच्या आत एक बाप होता. तो काय कमी पुरुष होता?

सरकारने त्यांना १९६४ साली पद्मभूषण दिले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन चित्रे आहेत, एक पुरुषवेषातले, एक स्त्रीवेषातले. दोन्हींपुढे लोक सारख्याच आदराने थांबतात.

आता दुसरी बाजू पाहा. तमाशाच्या फडात बाया येण्याआधी नाच्या पोऱ्याच स्त्रीवेष घेऊन नाचत असे. तोही गाई, ताल सांभाळी, हजारो माणसांना खिळवून ठेवी. पण त्याच्या वाट्याला शालजोडी आली नाही, टिंगल आली. कोल्हापूरचे गणपत पाटील मराठी चित्रपटांत नाच्याचे काम करीत. संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेला. २००८ साली ते वारले. साडी दोघांनीही नेसली. एकाची नाट्यगृहात, दुसऱ्याची तंबूत. म्हणजे आपण हसतो ते साडीला नव्हे. माणूस कुठला, कोणाचा, हे पाहून हसतो.

वस्त्राचे म्हणाल, तर ते कुठे एका जागी ठरलेले आहे? नऊवारीला कासोटा असतो, धोतरालाही असतो. आपले आजे-पणजे कानात भिकबाळी घालीत, हातात कडे घालीत, शेंडी राखीत. त्यांना कोणी बायकी म्हटले नाही. केरळातला गडी कमरेला मुंडू गुंडाळतो, स्कॉटलंडचा शिपाई कमरेला चुणीदार किल्ट घालून लढाईला जात असे. हल्ली रणवीर सिंगसारखे नट घागऱ्यासारखे कपडे घालून समारंभाला जातात, त्यांची छायाचित्रे आपण पाहतो. आपल्या मुली पँट घालून सायकलवरून शाळेत जातात, आता कोणी मागे वळून बघत नाही. मग मुलाने पदर घेतला तर एवढा गहजब का? कारण मुलीने पुरुषासारखे होणे आपल्याला चढती पायरी वाटते, आणि मुलाने बाईसारखे दिसणे उतरती. ही पायरी आपल्या मनात आहे. ती आपल्या आयाबहिणींना कमी लेखते, हे लक्षात घ्या.

काही माणसांना मात्र स्त्रीवेष हा नाटकापुरता नसतो, तो त्यांना आतूनच आपला वाटतो. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांची ओळख मान्य केली. कायदा पुढे गेला. आपली जीभ मागे राहू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. संमेलनात मुलाने बाईचे काम केले तर ते कसे केले हे बोला, त्याला नाव पाडू नका. वर्गात कोणी 'बायल्या' म्हटले तर तिथल्या तिथे थांबवा. आणि हसू आले तर आधी स्वतःला विचारा, की मी नेमके कशाला हसतोय?

साजगावच्या त्या गर्दीत मी त्याला म्हणालो, "चूक माझी होती रे." तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, झालं ते झालं." मग त्याने मुलाकडे बघून सांगितले, "हा पण नकला करतो बरं का, आजीची हुबेहूब करतो." मी मुलाला म्हटले, "कर बघू." पोराने कमरेवर हात ठेवून आजीसारखी मान हलवली. बाप पोट धरून हसला, पण ते हसणे निराळे होते.