सेतुरक्षण हा समष्टिधर्म

(श्रीमठाच्या वर्धापन महोत्सवात दिलेले व्याख्यान)



‘सेतु’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पूल उभा राहतो. परंतु संस्कृतात पाणी अडविणाऱ्या बांधालाही सेतु हीच संज्ञा आहे. आज मला बोलावयाचे आहे ते मांडवी-जुवारीच्या काठच्या खाजनांभोवती उभ्या असलेल्या मातीच्या सेतूंविषयी.

खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुखातून सोडविलेली भूमी. तिची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते. माती आणि चिऱ्यांचा बांध, त्याच्या बाहेर लाटांचा मारा सोसणारी खारफुटी, आणि बांधात बसविलेली लाकडी दारांची मानस, एवढेच तिचे संरक्षण. भरती आली की नदीचे पाणीच दारे लोटून बंद करते; ओहोटी लागली की आतले पाणी ती उघडते. पावसाने जमिनीतील खार धुऊन निघाला की कोरगुटासारखे खार सोसणारे भात तेथे पिकते. मानशीपाशी मासळी मिळते, कोठे मिठागरेही असतात. असा अनेकांचा निर्वाह एका बांधावर अवलंबून असतो. आणि फुटणारा बांध कोणा एकाचेच शेत निवडून बुडवीत नाही.

म्हणूनच हे रक्षण एकट्यादुकट्याचे कार्य नव्हते. ते गावकरी या ग्रामसंस्थेचे होते. १५२६ साली पोर्तुगीज राजवटीने तिचे रूढ नियम लिहून काढले. संस्था त्याहून प्राचीन आहे. जमिनीच्या उत्पन्नातून बांधाचा व इतर ग्रामकार्यांचा खर्च भागे आणि उरलेले गावकरांत वाटले जाई. तथापि सत्य लपवू नये. वाटा होता तो मुख्यत्वे गावकर घराण्यांतील पुरुषांना. चिखलात उभे राहून बांध रचणाऱ्या मजुराला आणि भात लावणाऱ्या स्त्रीला त्यात स्थान नव्हते. रक्षण होते, परंतु न्याय अपुरा होता.

गोमंतकमुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळाली. हे न्याय्यच झाले. बांधांचे दायित्व कुळांच्या संघांकडे आले. परंतु अनेक ठिकाणी मालकी प्रत्येकाने घरी नेली आणि बांध मात्र कोणाचाच उरला नाही.

पाठशाळेत ‘योगक्षेम’ हा शब्द आम्हांस असा शिकविला गेला : न मिळालेले मिळविणे हा योग, मिळालेले जतन करणे हे क्षेम. आज योगाला सारेच पुढे येतात. क्षेमाला कोणी नाही. माझ्या आजोळी मानशीच्या मासळीचा लिलाव दरवर्षी न चुकता होई; त्या पैशातून बांधावर माती मात्र पडत नसे. ठेकेदाराने अधिक मासळीच्या लोभाने खारे पाणी प्रमाणाबाहेर आत घेतले. एका अमावास्येच्या भरतीस बांध फुटला. ज्या शेतात माझी आजी भात लावीत असे तेथे पुढे खारफुटी वाढली. त्या वेळी मीही सुट्टीत गेलो, पाहिले, हळहळलो आणि परतलो. हा दोष माझाही आहे.

लोक संघटित झाले तर काय साधते हे आपल्याच रापणकारांनी दाखविले आहे. १९७० नंतरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी त्यांच्या तोंडचा घास हिरावला, तेव्हा ते एकत्र आले, झगडले आणि १९८० साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. परंतु कायद्यालाही पहारेकरी लागतो, जसा तो बांधाला लागतो.

आपल्यांपैकी कित्येकांची नावे आजही कुळसंघांच्या नोंदींत असतील. राहणे मात्र शहरात. त्यांना माझी नम्र विनंती आहे. संघाच्या वार्षिक सभेस जावे. लिलावाचा पैसा बांधावर किती खर्चिला गेला, याचा हिशेब मागावा. आणि त्या सभेत शेतात राबणाऱ्या बाईला व मजुराला बसावयास जागा आणि बोलावयास अधिकार द्यावा. पूर्वजांचे रक्षण आणि नव्या काळाचा न्याय यांचा मेळ घातला तरच हा सेतु टिकेल.

देवापुढे अर्पण होणाऱ्या नैवेद्यातील भात याच भूमीत पिकत आला आहे. तिचे क्षेम राखण्याची सद्बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.