सुपातले आणि जात्यातले



जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात हाइन्त्स-श्टायर मैदान आहे. तिथे अमेरिकन फुटबॉल खेळला जातो. हेल्मेट घालून, लांबोळ्या चेंडूनं. स्थानिक संघाचं नाव ड्रेस्डेन मोनार्क्स, स्थापना १९९२ची. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी श्वेबिश हालच्या युनिकॉर्न्सना २८-१९ असं हरवून पहिलं जर्मन विजेतेपद मिळवलं.

याच युनिकॉर्न्सचा एक जुना खेळाडू, मॉरिट्झ बोरिंगर. अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल न खेळताच त्याला २०१६च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत मिनेसोटा व्हायकिंग्जनं १८०व्या क्रमांकावर निवडलं. असा निवडला जाणारा तो पहिला युरोपियन. पण निवड झाली म्हणजे जागा मिळाली, असं नव्हे.

व्हायकिंग्ज ज्या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये खेळतात, त्या एनएफएलच्या प्रत्येक संघात उन्हाळी शिबिराला नव्वदपर्यंत खेळाडू असतात. ऑगस्ट संपता संपता त्रेपन्नच ठेवायचे. बत्तीस संघांचे मिळून हजारावर तरुण सामान आवरू लागतात. कालपर्यंत सुपात हसणारे आज जात्यात!

चार हंगाम न झालेला खेळाडू वगळला, की इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगायला साधारण एक दिवस मिळतो. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्याचा मान पहिला. कुणीच मागितलं नाही, तर उरतो प्रॅक्टिस स्क्वॉड. त्यात सोळा जागा, शिवाय परदेशी खेळाडूसाठी एक जादा. आठवडाभर घाम गाळायचा, पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच संघाला सराव द्यायचा आणि सामना मात्र बाहेरून बघायचा.

तरी या उंबरठ्यावरच्या माणसाला नियमानं थोडं बळ दिलंय. संघ त्याला सामन्यापुरता वर घेऊ शकतो, पण हंगामात तीनदाच. पुढच्या वेळी हवा असेल, तर त्रेपन्नांत पक्की जागा द्यावी लागते. दुसऱ्या संघानं उचलला, तर त्यालाही थेट त्रेपन्नांतच घ्यावं लागतं आणि किमान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं 'हंगामी' म्हणून राबणाऱ्यांना या तीनच्या आकड्याचं मोल सांगायला नको.

बोरिंगरलाही सप्टेंबर २०१६मध्ये वगळलं आणि प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये ठेवलं. पुढे तो सिनसिनाटीच्या संघात गेला, पण लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. सामन्यापुरतं वर घेण्याची सोय झाली २०२०मध्ये. तोवर त्याचं सुपातलं धान्य सरलं होतं.