भिंती न फोडता घरभर वाय-फाय



भिलाईच्या टाउनशिपमधल्या जुन्या क्वार्टरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पुढच्या खोलीत इंटरनेट धो-धो चालते, मागच्या खोलीत रेंजच येत नाही. फायबर दारापर्यंत आलेले असते, बिल वेळच्या वेळी भरलेले असते, तरीही मुलांचा ऑनलाइन क्लास मध्येच अडकतो. पुण्याहून नातवाचा व्हिडिओ कॉल आला की आजींना गुडघे सांभाळत बैठकीत यावे लागते. भिंत न फोडता ही रेंज घराच्या कानाकोपऱ्यात कशी न्यायची, यावर आज बोलू.

आधी घराकडे पाहू. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबरच सेक्टर वसले. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबेही या सेक्टरांतच रुजली. त्या काळची ही घरे जाड विटांच्या भिंतींची. विजेच्या तारांची सोय झाली, पण इंटरनेटची केबल भिंतीतून न्यावी लागेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही असणे शक्य नव्हते. आज भिंतीला झिरी मारायची तर क्वार्टर कंपनीचे, परवानगीचा प्रश्न. घर स्वतःचे असले तरी जुने प्लास्टर छिन्नी लागताच ढलप्यांनी निघते. मागे अंगणात नंतर बांधलेली खोली असेल तर मधली भिंत मूळ घराची बाहेरची भिंत असते, म्हणजे नऊ इंची.

वाय-फाय हीसुद्धा रेडिओलहरच आहे. मात्र मध्यम लहरींवरच्या रेडिओ प्रक्षेपणाची तरंगलांबी शेकडो मीटर असते, तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा. शिवाय घरच्या राउटरची ताकदही अगदी थोडी. या आखूड लहरी विटांत शोषल्या जातात आणि लोखंडावरून परततात. त्यातही ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर हरते. पावसाळ्यात ओल मुरलेली भिंत तर दोन्ही लहरींना जास्तच अडवते.

यावर उपाय म्हणजे मेश. मेश म्हणजे काय? एकाच मोठ्या राउटरवर भार न टाकता दोन किंवा तीन छोटे डबे घरात ठेवायचे. पहिला फायबरच्या डब्याला जोडायचा, बाकीचे त्याच्याशी बिनतारी बोलतात. सगळ्यांचे नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही फोन घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेलात की फोन जवळचा डबा धरतो. रेंज वाढवणाऱ्या साध्या एक्स्टेंडरमध्ये फोन बहुधा लांबच्या, क्षीण झालेल्या सिग्नललाच चिकटून बसतो. मेशचे चांगले डबे फोनला योग्य जागा सुचवतात, म्हणून चालता-फिरता कॉल तुटण्याचे प्रमाण कमी होते.

केबल नेता येत नाही अशा जागी ही पद्धत आपल्या देशात फार पूर्वी कामी आली आहे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय इमारतीबाहेर वापरण्यावरचे परवान्याचे बंधन उठवले. पुढच्याच महिन्यात हिमाचलातल्या धरमशाला इथे डोंगरउतारावरच्या वस्तीत मेशचे जाळे सुरू झाले. वापरलेले राउटर घरगुतीच होते, त्यांत हवे ते बदल करून घेतले होते. जे डोंगरावर जमले, ते चार खोल्यांच्या घरात जमायलाच हवे.

मात्र बहुतेकांची गाडी अडते ती डबा कुठे ठेवायचा इथे. परिचयातल्या एका निवृत्त जोडप्याच्या घरी हेच झाले. पहिला डबा बैठकीत, टीव्हीच्या मागे शोकेसमध्ये. काकू म्हणाल्या, "रेंज मागच्या खोलीत नाही ना, मग दुसरा डबा मागच्याच खोलीत ठेवा." तसा ठेवून पाहिला. फोनवर वाय-फायच्या सगळ्या काड्या दिसल्या, पण व्हिडिओ काही हलेना. कारण काड्या दाखवतात ती फोन आणि जवळचा डबा यांच्यातल्या सिग्नलची ताकद. त्या डब्यापर्यंत मुळात काय पोहोचते आहे, हे काड्यांवरून कळत नाही. दुसरा डबा हा निरोप्या आहे. त्यालाच नीट ऐकू आले नाही, तर तो पुढे काय सांगणार?

मग फोनवर सिग्नल मोजणारे मोफत अ‍ॅप घेतले आणि घरभर फिरून आकडे लिहिले. हे आकडे उणे असतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५पर्यंत कामाचे, उणे ७५च्या खाली गेले की भरवसा नाही. बैठकीत उणे ४५ होते. मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या पलीकडे, उणे ८२. मधल्या बोळात, जिथून बैठकीचे दार सरळ समोर दिसते, तिथे उणे ६०. दुसऱ्या डब्याची जागा ती ठरली. पहिला डबाही शोकेसमधून काढून उघड्यावर, छातीच्या उंचीवर ठेवला. दाराच्या रेषेत डबे आले, भिंतीऐवजी दारातून लहर गेली आणि मागच्या खोलीतला कॉल सुरळीत झाला.

वेगाचेही गणित समजून घ्या. एकाच रेडिओवर ऐकायचे आणि त्यावरच पुढे पाठवायचे असले तर प्रत्येक टप्प्यात वेग साधारण निम्मा होतो. १०० एमबीपीएसची लाइन दुसऱ्या डब्यावर पन्नास आणि तिसऱ्यावर पंचवीसवर येऊ शकते. एका व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण डबे एकापुढे एक रांगेत लावू नका. पहिला घराच्या मध्याकडे आणि बाकीचे त्याच्या दोन बाजूंना ठेवा. तीन रेडिओ असलेल्या डब्यांत एक रेडिओ आपापसांतल्या बोलण्यासाठी राखता येतो, तिथे हा तोटा बराच कमी होतो. आणि छताच्या कडेने किंवा दाराच्या चौकटीवरून एक जरी केबल दुसऱ्या डब्यापर्यंत नेता आली, तर तेवढी जरूर न्या. तिसरा डबा विकत घेण्यापेक्षा ती एक केबल जास्त उपयोगी पडते.

आपल्या भागातली एक गोष्ट विसरू नका. हिवाळ्यात झकास चाललेले जाळे एप्रिलमध्ये रुसते, तेव्हा आधी खिडकीकडे पाहा. तिथे कूलर बसलेला असतो. पत्र्याचा डबा, आत पाणी, तीन बाजूंना भिजलेल्या जाळ्या. ज्या खिडकीतून लहर अंगणातल्या खोलीत जात होती, तीच बंद झाली. म्हणून जागा ठरवताना कूलर कुठे बसणार हे आधीच धरून चाला.

वीज गेली तर काय, हेही पाहायला हवे. मधला डबा बंद पडला की त्याच्या मागचे सगळे बंद. फायबरचा डबा आणि मेशचे डबे यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, पण आपल्या डब्याचा अ‍ॅडॅप्टर किती व्होल्टचा आहे हे वाचूनच घ्या. गच्चीवरून किंवा अंगणातून उघड्यावर तांब्याची केबल नेऊ नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर तिचा झटका त्या तारेतून घरात येतो. तिथे फायबर किंवा बिनतारी जोडणीच बरी.

शेवटी एवढेच सांगतो. दुकानात जाण्याआधी फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिहा. आधी असलेला राउटर मोकळ्या जागी हलवून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर दोनच डबे घ्या, तिसऱ्याची गरज नंतर ठरेल. आणि तरुण श्रोत्यांना विनंती. आपल्या सेक्टरात कितीतरी ज्येष्ठ मंडळी एकटी राहतात, त्यांची मुले दूरच्या शहरांत आहेत. डॉक्टरांशी बोलणे आणि लेकरांचे तोंड पाहणे, दोन्ही आता या रेंजवर अवलंबून आहे. या रविवारी शेजारच्या काका-काकूंच्या घरी जा आणि त्यांचा डबा योग्य जागी ठेवून द्या.