ओमतीचे पाणी आणि सेंद्रिय द्रव्यांचे मापन

जबलपूरच्या भर वस्तीतून वाहणारा ओमती नाला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे पाणी दूषित आहे हे सांगण्यास रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. त्या पाण्यात नेमके काय आहे आणि किती आहे, हे सांगण्यास मात्र तो लागतो. शहरातील नाल्यांच्या पाण्यावर भाजीपाला पिकवला जात आला आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

सर्वांत रुळलेली कसोटी म्हणजे जीवरासायनिक ऑक्सिजन-मागणी. पाणी बंद बाटलीत, अंधारात ठेवायचे. जीवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्य खातात आणि विरघळलेला ऑक्सिजन खर्च करतात. तो किती घटला हे विंक्लर यांनी १८८८ साली दिलेल्या पद्धतीने मोजता येते. पाच दिवसांची मुदत ब्रिटनच्या रॉयल कमिशनने सुचवली, ती तेथील नद्या आणि तेथील हवामान डोळ्यांपुढे ठेवून. आपल्या उष्ण प्रदेशासाठी भारतीय मानकाने पुढे २७ अंश सेल्सिअस आणि तीन दिवस हे प्रमाण स्वीकारले, ते योग्यच झाले.

परंतु जीवाणू खाऊ शकतील तेवढेच या कसोटीला दिसते. डीडीटीसारखे चिवट द्रव्य तिच्यातून निसटते. इतकेच नव्हे, पाण्यात विषच अधिक असेल तर जीवाणू मरतात, आकडा खाली येतो आणि घातक पाणी कागदावर स्वच्छ ठरते! पोटॅशियम डायक्रोमेट व तीव्र गंधकाम्ल घालून पाणी दोन तास उकळले तर बहुतेक सर्व सेंद्रिय द्रव्यांचा हिशेब लागतो. पण तो वाण्याने जिन्नस न सांगता नुसती बेरीज सांगावी तसा.

जिन्नसांची नावे कळतात ती वायु-वर्णलेखनाने. जेम्स आणि मार्टिन यांनी ही पद्धत १९५२ साली प्रसिद्ध केली. पुढे लव्हलॉक यांच्या इलेक्ट्रॉन-ग्रहण शोधकामुळे क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचा लेशही सापडू लागला. लिटरभर पाण्यातील द्रव्ये हेक्झेनमध्ये उतरवून तो अर्क एक मिलिलिटरपर्यंत आटवतात. मग लांब नळीतून प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते. दोन द्रव्ये एकाच वेळी बाहेर पडू शकतात, म्हणून वस्तुमान-वर्णपटमापकाची साक्ष काढावी लागते. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. इतक्या सूक्ष्म मापात बाटलीसुद्धा खोटी साक्ष देते. प्लॅस्टिक काही द्रव्ये शोषून घेते, काही सोडते. प्रयोगशाळेतील नळ्यांमधून आलेले थॅलेट नदीच्या माथी मारले जाण्याचा धोका असतो. म्हणून द्रावकाने धुतलेली काचेची बाटली आणि बर्फ हवाच. शिवाय शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुना त्याच सर्व क्रियांतून न्यावा. नमुनाही एक पुरत नाही. पहाटेचा नाला आणि दुपारचा नाला एक नव्हे. पहिल्या पावसानंतरचा तर नव्हेच.

अहवालात ‘आढळले नाही’ असे वाचले की आपण निश्चिंत होतो. कशाचा शोध घेतला होता आणि किती मात्रेपर्यंत तो दिसू शकला असता, हे आधी विचारावे. डीडीटीला पाणी मानवत नाही. ते गाळाला चिकटते. वरचे पाणी निर्दोष ठरावे आणि तळाशी साठा असावा, असे सहज घडते. नाल्याचा गाळ जेथे शेतात पसरला जातो, तेथे पाण्याची बाटली भरण्याआधी गाळाचा नमुना घ्यावा.