मधली तीन अक्षरं



संयोजकांनी विषय माझ्यावर सोडला. मी औषधाचा दुकानदार, भाषणाचा सराव नाही. म्हणून जे रोज हाताखालून जातं त्यावरच बोलतो. इंग्रजी शब्द आणि त्यांची स्पेलिंगं.

आपण पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली पिढी. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचं भांडण सोडलं, तर बोलतो तसं लिहितो. त्यामुळे 'नाइफ'मध्ये 'के' कशाला आणि 'रिसीट'मध्ये 'पी' कशाला, हे कोडं सुटायचं नाही. विचारलं की उत्तर मिळे, "पाठ करा." गुरुजनांचा दोष नाही, पुस्तकातच उत्तर नव्हतं.

ते पुढे वाचनात सापडलं. 'नाइफ'मधला 'के' एकेकाळी खरोखरच उच्चारला जायचा. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, पण उच्चार बदलतच राहिले. जिभेने 'के' सोडला, छापखान्याने धरून ठेवला. 'डेट' म्हणजे कर्ज; त्यातला 'बी' मात्र इंग्रजांनी कधी उच्चारलाच नाही. शब्द फ्रेंचमधून 'बी'शिवाय आला होता. पुढे विद्वानांना त्याचं लॅटिन मूळ दाखवायची हौस आली आणि त्यांनी 'बी' आत घुसवला. 'रिसीट'चा 'पी' त्याच हौसेचा. 'आयलंड'मधला 'एस' तर चक्क गोंधळातून आला, 'आइल' या वेगळ्याच शब्दाशी नातं जोडून. म्हणजे ज्यापायी आपण छड्या खाल्ल्या, त्या साहेबाच्याच करामती!

'स्टेशनरी'चं तसंच. वह्या-कागदाच्या दुकानांच्या पाट्यांवर शेवटून तिसरं अक्षर 'ई'ऐवजी 'ए' सर्रास दिसतं. 'ए'वाल्या शब्दाचा अर्थ 'जागचं न हलणारं'. गंमत अशी, की दोन्ही शब्दांचं मूळ एकच. फिरत्या विक्रेत्यांच्या काळात एका जागी बसून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर'. त्यामुळे पाटी चुकली तरी इतिहास फारसा चुकत नाही, आणि गिऱ्हाइकाला वही मिळतेच.

माझ्या काउंटरवर मात्र अशी सूट नाही. 'हायपरटेन्शन' म्हणजे वाढलेला रक्तदाब, 'हायपोटेन्शन' म्हणजे घटलेला. घाईच्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे.

त्याहून अवघड जोडी 'हायड्रॅलझीन' आणि 'हायड्रॉक्सिझीन'. इंग्रजीत दोन्हींची अक्षरं अकरा. पहिली चार तीच, शेवटची चार तीच. फरक मधल्या तिनांचा. एकात 'ए-एल-ए', दुसऱ्यात 'ओ-एक्स-वाय'. पहिलं रक्तदाब उतरवणारं, दुसरं खाज आणि ॲलर्जीवरचं.

एका संध्याकाळी ओळखीचे एक आजोबा चिठ्ठी घेऊन आले. त्या चिठ्ठीत मधली तीन अक्षरं म्हणजे नुसती एक वाकडी रेघ. वाचू जावं तर रक्तदाबाचं औषध वाटत होतं. आजोबांच्या हातावर तर पित्त उठलेलं, आणि त्यांचा रक्तदाब मुळातच कमी राहतो हे मला ठाऊक. आजोबा म्हणाले, "द्या की लवकर, बस जाईल." मी डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. औषध खाजेचंच होतं. आजोबांची बस गेली आणि ते माझ्यावर चिडून गेले. पुढच्या महिन्यात आले तेव्हाही धुसफुसतच होते.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००१ पासून अशा जोडनावांतली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापायची शिफारस सुरू केली. आपल्याकडे २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी नियम आला, की औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. त्यातला 'शक्यतो' हा शब्द मला रोज भेटतो.

आता आपल्यातल्या बहुतेकांच्या उशाशी गोळ्यांचा डबा आहे. औषध घेतलंत की पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. जुळलं नाही तर विचारा, मागे रांग असली तरी. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पंगत वाढलेली दिसते आहे. थांबतो.