सरडे गावचे भुजबळ सर आणि आपल्याकडची रिकामी जागा
(जैनथ इथल्या बैठकीत केलेलं भाषण)



मला निरोप आला होता की सीमाप्रश्नावर बोल. राज्यशास्त्र शिकतोस ना, मग 1956 सांग. ते दोन मिनिटांत सांगून टाकतो. 1956 ला निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्याचे भाषेवर तुकडे झाले. आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. मुधोळ नांदेडमधून इकडे आला. आपण जैनथवाले होतो तिथेच राहिलो, फक्त वरची पाटी बदलली. आधी हैदराबाद, मग आंध्र प्रदेश, 2014 पासून तेलंगणा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा. तिकडे मामा, इकडे आपण. हे तुम्हाला माहीत आहे, लग्नाच्या पत्रिका वाटायला तुम्हीच जाता.

त्याच 1956 साली सातवी घटनादुरुस्ती झाली आणि कलम 350-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते सांगतं. म्हणजे रेषा आखली तेव्हाच, रेषेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांची आठवण कुणीतरी ठेवली होती. परीक्षेत मी या कलमावर पानभर लिहिलं, मार्कही चांगले पडले. पण ‘सोय’ म्हणजे काय, हे मला त्या पुस्तकातून कळलं नाही. ते एका धनुर्धराची गोष्ट वाचताना कळलं.

सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात सरडे नावाचं गाव आहे. आपल्यापासून रस्त्याने पाचशेहून जास्त किलोमीटर. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विकास भुजबळ नावाचे सर मुलांना खेळ शिकवायचे. शाळेत प्रवीण जाधव नावाचा एक मुलगा होता. आईबाप रोजमजुरी करणारे, घर म्हणजे झोपडी. अंगात ताकद नाही. सरांनी त्याला धावायला लावलं, चारशे मीटर, आठशे मीटर. पहिल्या पहिल्यांदा तर धावायच्या आधीच्या व्यायामातच तो पडायचा. पोटात पुरेसं अन्नच नव्हतं, दुसरं कारण नाही.

आता इथे थांबा. असं पोरगं आपल्या शाळेच्या मैदानावर पडलं असतं तर काय झालं असतं? ‘बस रे बाजूला, तुला नाही जमत.’ मीही तेच म्हटलं असतं. भुजबळ सरांनी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं आणि पुन्हा धावायला लावलं. मजुरीतून बाहेर पडायचं असेल तर खेळ हा रस्ता आहे, हे त्यांनी त्या मुलाच्या डोक्यात घातलं.

पुढे प्रवीण महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला. तिथे चेंडू रिंगणात टाकायच्या चाचणीत त्याने दहाच्या दहा आत टाकले म्हणतात, आणि धावणारा मुलगा धनुर्विद्येकडे वळला. अमरावतीला पाठवला गेला. तिथे एकदा त्याला काढून टाकायची वेळ आली होती. तेव्हा मध्ये कोण पडलं? गावातले भुजबळ सर. खरं तर तो त्यांच्या शाळेचा विद्यार्थी राहिलाच नव्हता. हजेरीपटावर नाव नाही, पगारात त्याचा एक रुपया नाही. तरी गेले, बोलले, आणि त्याला आणखी एक संधी मिळाली.

2019 च्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्यपदक जिंकलं. तरुणदीप राय, अतनू दास आणि हा प्रवीण. त्याच स्पर्धेत टोकियोचं तिकीट पक्कं झालं. टोकियोला क्रमवारीच्या फेरीत भारतीय पुरुषांत तो सगळ्यात पुढे राहिला, म्हणून दीपिका कुमारीसोबत मिश्र संघात उतरला. वैयक्तिक स्पर्धेत त्याने जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला 6-0 ने हरवलं. पुढच्या फेरीत पहिल्या क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनने त्यालाच 6-0 ने हरवलं. पदक नाही मिळालं. 2024 ला पॅरिसलाही गेला, तेव्हाही नाही. पण सैन्यात नोकरी लागली, घरची मजुरी सुटली. मला पदकापेक्षा हे मोठं वाटतं. तुम्हाला नाही वाटत का?

पदकाची गोष्टही सांगतो, कारण तिच्यातही एक मास्तर आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 ला हेलसिंकीला कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा परत आले तेव्हा 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसे गोळा केले आणि सरांचं घर सोडवलं.

ही गोष्ट सांगताना लोकांच्या डोळ्यात पाणी येतं. मला जरा रागही येतो. ऑलिंपिकला जाणाऱ्या माणसासाठी प्राचार्याला घर का गहाण टाकावं लागावं? चांगला मास्तर भेटला तर पोरगं तरलं, नाही भेटला तर संपलं, याला सोय म्हणत नाहीत. याला नशीब म्हणतात. आणि आपलं नशीब कसं आहे ते बघा.

आमचे एक सर होते. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. मराठी शिकवायचे, संध्याकाळी कबड्डी घ्यायचे. पावसाळ्यात आपली काळी माती कशी होते माहीत आहे, चप्पल रुतली की चप्पलच राहते. तर सर स्वतः फावडं घेऊन मैदानावर मुरूम पसरायचे. रेषा चुन्याने मारायचे, चुना संपला की राखेने. एखादा पोट्टा गप्प बसला की विचारायचे, “काहून रे, सकाळून काही खाल्लं का नाही?” आणि डब्यातली अर्धी भाकर पुढे करायचे. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम आम्हाला तेव्हा दिसलंच नाही. सरांना तेलुगू लिहितावाचता यायचं. मंडल ऑफिसातून, जिल्ह्यातून आलेला प्रत्येक कागद ते वाचायचे आणि आमच्यासाठी मराठीत सांगायचे. कुठली स्पर्धा, कुठला दाखला, शेवटची तारीख कोणती. घरी येऊन सांगायचे, आणि माय शेतात असली तर बांधावर जाऊन सांगायचे.

सर रिटायर झाले. त्यांच्या जागेवर कुणी आलं नाही.

पुढची गोष्ट माझ्या घरची आहे. माझा लहान भाऊ चौथीत होता तेव्हा भन्नाट पळायचा. बैलाच्या पुढे पळायचा, खोटं नाही सांगत. आपल्या आदिलाबादलाच सरकारी क्रीडा शाळा आहे. करीमनगरला आहे, हकीमपेटला मोठी आहे. राहणं, खाणं, शिक्षण, सराव, सगळं सरकारचं. चौथीत प्रवेश मिळतो. आधी मंडलात, मग जिल्ह्यात चाचण्या होतात: उंची, वजन, धावणं, उडी. त्या वर्षीची नोटीस त्याच्या शाळेच्या भिंतीवर लागली होती. तेलुगूत होती. भावाने ती रोज पाहिली, कारण तिच्याखालीच पाण्याचा माठ होता. वाचली कुणीच नाही. मला कळलं तेव्हा चाचण्या होऊन महिना झाला होता. मी तेव्हा आदिलाबादला रूम करून राहत होतो, स्टेडियमवरून रोज जायचो. म्हणजे नोटीस चुकली ती एकट्या शाळेची नाही, माझीही चुकली.

आता कुणी म्हणेल, मग पोरांना तेलुगू शिकवा, मराठी कशाला धरून बसता? शिकवाच. मी स्वतः तेलुगूत बोलतो, लिहितो, त्याच्यात कमीपणा काही नाही. पण चौथीतल्या पोराने आधी भाषा शिकावी आणि मग धावावं, असं असेल तर ते दहा वर्षांचं राहणार कधी? तोवर मधे उभा राहणारा माणूस लागतो. दोन्ही भाषांचा, दोन्हीकडचे कागद समजणारा. सरड्यात भुजबळ सर होते आणि प्रबोधिनीही मराठीतच बोलत होती. आपल्याकडे मास्तर मराठी आणि ऑफिस तेलुगू, म्हणून आपल्या मास्तरचं काम दुप्पट आहे. आणि नेमकी तीच जागा रिकामी.

आपण जागा भरण्यासाठी अर्ज देणारच आहोत. 350-अ चा उल्लेख करून, तेलुगू आणि मराठी दोन्हीत लिहिला आहे. खाली टेबलावर ठेवला आहे, सह्या करा. पालकांनी अंगठा दिला तरी चालेल. पण अर्जाला उत्तर यायला किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे आणि चौथी एकच वर्ष असते.

म्हणून तोवर एवढं करू. ज्यांना तेलुगू वाचता येतं त्यांनी आपल्या गावची एकेक शाळा घ्यायची. दर सोमवारी जायचं, भिंतीवरचे कागद वाचायचे, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे आणि खाली मराठीत दोन ओळी लिहायच्या. चौथीतल्या पोरापोरींची नावं आणि घरच्यांचे नंबर वहीत घ्यायचे, ग्रुपवर नाही. मी दोन शाळा घेतल्या आहेत. त्यातली एक भावाची जुनी शाळा. मागच्या सोमवारी गेलो होतो, माठ अजून तिथेच आहे.

भाऊ आता आठवीत आहे. क्रीडा शाळेचं वय गेलं. आमचे सर अजून गावातच असतात, गुडघे दुखतात त्यांचे. मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली तर म्हणाले, “त्याला रविवारी पाठव, पाहतो.” काल पाठवला होता. चिखलाने भरून घरी आला.