गिरणगावातल्या खाणावळी



मुंबईच्या गिरणी संपाची सुरुवात कधी झाली हे पुष्कळांना पाठ आहे. १८ जानेवारी १९८२. तो संपला कधी, ते मात्र कोणालाच सांगता येत नाही, कारण तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काही जण पडेल त्या अटीवर परत आत गेले आणि लाखभरांची नोकरी कायमची गेली. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, मालक, सरकार, मान्यताप्राप्त युनियन यांच्यावर भरपूर बोलून झालं आहे, वादही अजून मिटलेले नाहीत. मी आज त्यात पडणार नाही. मला बोलायचं आहे ते गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांभोवतीच्या वस्तीतल्या, खाणावळींबद्दल.

गिरणीत येणारा माणूस बहुधा एकटाच मुंबईला यायचा. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरकडचा. बायकापोरं आणि शेताचा तुकडा गावाला. इथे गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एक खोली, तीत वीसपंचवीस जणांच्या ट्रंका. एक पाळीला गेला की त्याच्या जागेवर रात्रपाळीहून आलेला दुसरा आडवा व्हायचा. तिथे चूल कोण आणि कुठे मांडणार? म्हणून चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण लावायचं. ही बाई कोणाची विधवा, कोणाची टाकलेली, तर कोणाचा नवरा बदलीवर, म्हणजे आज काम आहे, उद्या नाही.

आता तिचा दिवस बघा. पहिली पाळी सकाळी सातची, म्हणजे ही पहाटे चारला उठणार. पाणी भरायचं, पाट्यावर वाटण वाटायचं, पीठ मळायचं. साडेतीनला पहिली पाळी सुटायची, दुसरी आत जायची. दुसरी सुटायची मध्यरात्री, आणि त्या पाळीचे जेवणारेही हिचेच. एवढ्याशा खोलीत पंगती बसायच्या. एक उठली की जागा पुसून दुसरी. कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा वार आहे, कोण आज पिऊन येणार, सगळं हिला ठाऊक. पैसे मात्र पगार झाला की मिळणार. तोवर वाण्याची उधारी, आणि वाणी अडला की सावकार. मंगळसूत्र किंवा तांब्याची भांडी गहाण टाकून महिना काढायचा, पगाराला सोडवायचं, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा टाकायचं. एवढं राबूनही नफा व्याजातच जायचा.

एके काळी बायका खुद्द गिरणीतही बऱ्याच होत्या, रीळ आणि वाइंडिंगच्या खात्यांत. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतीच्या रजेचा कायदा आला, पुढे नवी यंत्रं आली, आणि बाईकामगार मालकांना परवडेनाशी झाली. दारातून आत जाणाऱ्या बायका कमी होत गेल्या. आत जाणाऱ्याला जेवू घालणाऱ्या मात्र होत्याच. त्यांना कामगार म्हणायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. युनियनच्याही नाही.

ते एका बाईच्या डोक्यात आलं. प्रेमा पुरव डाव्या चळवळीत वाढलेल्या, गिरणगावात काम केलेल्या. १९७५ साली त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा गरिबाला कर्ज द्यायचं हे धोरण कागदावर होतंच. पण तारण काय? पुरवबाईंनी बायकांचे गट केले आणि गटानेच एकमेकींची हमी घेतली. सावकाराच्या व्याजातून सुटलेल्या या बायकांनी बँकेचे हप्ते फेडूनही दाखवले.

आणि मग १९८२. जेवणारेच गावाला निघून गेले. ज्यांची मागची बाकी होती ती वहीत तशीच राहिली. मागायची कोणाकडे? संपाच्या अर्थशास्त्रात उत्पादनाचं नुकसान, मजुरीचं नुकसान, सगळे आकडे आहेत. त्या वह्यांची बेरीज कोणी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

ज्यांचं बिऱ्हाड मुंबईत होतं तिथे वेगळंच घडलं. माणूस घरी बसला. आळशी म्हणून नव्हे, संप आज मिटेल, उद्या मिटेल या आशेवर. दुसरीकडे नोकरी धरली तर गिरणीतला हक्क जाईल ही भीती. वीस वर्षं साचा चालवलेला हात, तो हमाली कशी करणार? आणि या वाट बघण्यात घर चालवलं बायकोने. चपात्या लाटून दिल्या, पापड केले, भाजीची पाटी घेतली, दादर-माहीमला धुणीभांडी धरली. काल जी जोडकमाई होती ती एकदम घराची कमाई झाली. याला बाईची मुक्ती वगैरे म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि मला ते पटलेले नाहीत. हिच्या कामाला प्रॉव्हिडंट फंड नव्हता, ईएसआयचा दवाखाना नव्हता, बोनस नव्हता. गिरणीच्या पगाराची बरोबरी तर त्यात नव्हतीच. आणि घरात मान राखायचा तो अजूनही बसलेल्या माणसाचाच, चहा त्याला आधी. पण निर्णय बदलले. मुलीला दहावीनंतर शिकवायचं की नाही, हे अनेक घरांत आता तिच्या आईला विचारून ठरू लागलं. हा बदल छोटा नव्हता, आणि त्यासाठी कोणी मोर्चाही काढला नाही.

पुढचं तुम्ही जाणताच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या झाल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. खाणावळवाल्यांतल्या काही जणी कार्यालयांना डबे पुरवू लागल्या. जेवणारा बदलला, पोळीचा आकार लहान झाला.

आणि या जमिनींवर कामगारांना मिळायची घरं? मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी. अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव हवं. तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, ईएसआयचा कागद, जो असेल तो आणा. कामगार हयात नसेल तर वारस आणा. लाखावर अर्ज आले. तिन्ही पाळ्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवालीला त्या अर्जात रकाना नव्हता. तिच्याजवळ होती ती वही, आणि ती कोणत्याच कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही.